चिलापीच्या तोंडात

चिलापी मासळी आपली पोरं खाते, हे आमच्या सणसरच्या घरात सगळ्यांना पक्कं माहीत होतं. माझ्या सासूबाईंना तर पुराव्यानिशी. होळी होऊन गेल्यावर विहिरीत गळाला लागलेली एक चिलापी त्या मोरीपाशी विळीवर साफ करायला बसल्या. तिचा जबडा फाकवला आणि आतून जिऱ्याएवढी पिल्लं ताटलीत सांडली. काही अजून वळवळत होती.

"बघ गं बघ, मुडदी! सवताची पोरं गिळून बसलीया," आत्या म्हणाल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडे तशीच पद्धत आहे.

शेजारी माझी मोना उकिडवी बसली होती. पाच वर्षांची. त्या दिवशी तिनं कालवणाला हात लावला नाही, नुसता भात चिवडला. दुसऱ्या दिवशी बालवाडीची वेणी घालताना तिनं आरशातून माझ्याकडं बघत विचारलं, "आई, तुला लई राग आला की तू पण मला खाशील?"

मी बांधलेली रिबीन सोडून परत बांधली.

मला राग येतो, हे खरंय. रागापेक्षा भीती जास्त, पण पोराला दोन्ही सारखंच दिसतं. विहिरीकडं जाऊ नको, उसात शिरू नको, ट्रॅक्टरच्या मागं उभी राहू नको, बोरं धुतल्याशिवाय तोंडात घालू नको. दिवसभराच्या माझ्या बोलण्यातून 'नको' काढलं तर फारसं काही उरणार नाही. पायात मी तिला मुद्दाम वाजणारे पैंजण घातलेत, घरात कुठूनही कान देता यावा म्हणून. आवाज थांबला की मी हातातलं काम टाकून उठते.

"खात नाही गं चिलापी. लपवते ती पिल्लांना. तोंडात ठेवते, मग सोडते," मी म्हणाले.

"मग पिल्लं मेली कशी?"

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण पाच वर्षांच्या पोरीला पटेल असं नव्हतं.

बारामतीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. चिलापीची मादी अंडी तोंडात उबवते, पिल्लं निघाली तरी धोका दिसला की त्यांना परत तोंडात घेते, तेवढे दिवस स्वतः उपाशी राहते, हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. आत्यांना तेच सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकात आसंल बया. माझ्या ताटलीत मेलेलीच पडली."

मोना दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. शेवटी ती ताटलीच्या बाजूनं गेली. ताटली तिनं डोळ्यांनी पाहिली होती.

त्या दिवशी मी ठरवलं. मोनाला हे डोळ्यांनीच दाखवायचं.

आमची विहीर जुनी, दगडी, पायऱ्यांची. पायऱ्या कोरड्या उतरत उतरत पाण्यात शिरतात आणि पाण्याखालीही काही दिसत राहतात, हिरव्या, शेवाळलेल्या. मामांनी कधीतरी उजनी धरणावरून बादलीतून जिवंत चिलापी आणून सोडल्या होत्या, त्यांचंच आता खानदान झालंय. एका दुपारी मी पायरीवर बसून निरखत राहिले, तर पाण्याखालच्या दुसऱ्या पायरीवर एक करडी मादी एकाच जागी उभी. हनुवटीखालचा भाग फुगलेला, तोंड गच्च मिटलेलं. शेजारून किडा गेला तरी ढुंकून बघितलं नाही तिनं. मी तशीच पळत घरी आले आणि दिग्विजयचा कॅमेरा काढला.

दिग्विजय माझा नवरा. बारामतीच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला असतो. मोटारसायकलच्या सहलींसाठी त्यानं काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पाण्यात चालणारा कॅमेरा घेतला होता. सहली झाल्या नाहीत, कॅमेरा कपाटात पडून होता.

"विहिरीत मासे शूट करणार तू? समुद्र आहे का तो?" तो हसला.

समुद्र नव्हता, पण शिकले मी समुद्राकडूनच. एक बाई आहेत. समुद्रातल्या प्रवाळात राहणाऱ्या बोटभर माशांचे फोटो काढतात, त्यांचे व्हिडिओ मी मोना झोपली की बघत असते. नारिंगी, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, नुसतं बघून भान हरपतं. त्या बाईंचं एकच सांगणं असतं. माशाच्या मागं जायचं नाही. त्याच्या दारात जाऊन बसायचं, आणि आपण तिथलाच दगड आहोत असं त्याला वाटेपर्यंत हलायचं नाही.

दगड होणं मला कधी जमलेलं नाही. मी घरात बसते तीसुद्धा अर्धी उठलेली असते.

पहिल्या दिवशी मी हात पाण्यात घातला आणि करडी फुर्रकन खोल गेली. दुसऱ्या दिवशी तेच. मग मी कॅमेऱ्याचं छोटं स्टँड विटेला बांधून नुसतंच पाण्याखालच्या पायरीवर ठेवून दिलं, कॅमेरा नाहीच. करडी लांबून वळसे घालू लागली. पुढं ती विटेजवळून जायला लागली. एकदा तर तिनं विटेला तोंड घासलं! तेव्हा कुठं मी कॅमेरा बसवला. बारामतीतून पोहण्याचा गॉगल आणला आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर पालथी पडून तोंड पाण्यात घालायला लागले. श्वासासाठी ठिबकची नळी तोंडात धरून बघितली, तर हवा येण्याआधी पाणीच आलं. ठसक्यानं सगळी विहीर दुमदुमली. करडी गेली आणि कट्ट्यावरची कबुतरंही गेली.

वरून आत्यांचा आवाज आला, "मेलीस का हायस?"

"आहे, आहे!"

"मंग वर ये. चा झालाय."

अडचण अशी की विहिरीत ऊन फक्त डोक्यावर सूर्य आला की उतरायचं. थोडा वेळ ती पायरी उजळायची, शेवाळ सोन्यासारखं दिसायचं, मग सावली. आणि त्या आठवड्यात शेतीची लाईटही दिवसाचीच होती, म्हणजे खोडव्याच्या उसाला पाणी त्याच वेळी द्यायचं. मोटर विहिरीतल्या कट्ट्यावर बसवलेली आहे. ती सुरू झाली की विहीर थरथरते आणि खाली पाणी खेचणाऱ्या फूटवॉलपाशी गाळ उठतो. मी मामांना गळ घातली, ऊन सरेपर्यंत मोटर लावू नका.

मामांनी टोपी सरकवून डोकं खाजवलं. "ऊस वाळल्यावर माशाचा फोटू कारखान्याला घालू का?"

"मामा, थोडाच वेळ."

"बरं. माझा फोन गेल्याशिवाय मोटर चालू व्हत न्हाय, आन ऊन सरल्याशिवाय मी फोन लावत न्हाय. झालं?"

मोटरीला मोबाईलचा स्टार्टर आहे. त्यात सिमकार्ड असतं. मामा कुठूनही त्या नंबरला रिंग देतात आणि इकडं मोटर सुरू होते. चष्मा ते नेहमी घरीच विसरतात, म्हणून त्यांच्या फोनात सगळे नंबर फोटोंवर चालतात. दिग्विजयच्या नंबरला दिग्विजयचा फोटो, मोटरीच्या नंबरला विहिरीचा, दूधवाल्या भीमाच्या नंबरला त्याच्या म्हशीचा. ही सोय मीच करून दिली होती.

आणि मग करडीनं पिल्लं सोडली. मी पालथी पडून बघत होते, आणि तिच्या डोक्याभोवती धुरळ्यासारखं काहीतरी तरंगताना दिसलं. धुरळ्याला डोळे होते! शेकड्यानं बारीक डोळे. मी पाण्यातच ओरडले, नाकातोंडात पाणी गेलं, पण हसू थांबेना. आता फक्त ती त्यांना तोंडात परत घेते तो क्षण पकडायचा होता. तो मिळाला की मोनाला दाखवायचं, बघ, ती खात नाही, लपवते.

पण धोका असल्याशिवाय ती तोंड उघडणार नव्हती, आणि मी तर धोका होऊ नये म्हणून इतके दिवस दगड झाले होते. हात हलवून घाबरवावं असं एकदा मनात आलं. नाही केलं. एखाद्या आईला मुद्दाम घाबरवायचं म्हणजे काय, हे मला चांगलं कळतं.

त्यातच मामांनी जेवताना सांगितलं, विहिरीचा गाळ काढायचाय, यारीवाला सोमवारी येतोय. यारी म्हणजे गाळ उपसायचं मोठं यंत्र. आधी सगळं पाणी काढणार, मग यारी लावणार. गाळ काढायच्या दिवशी आळीतली सगळी पोरं बादल्या घेऊन येतात आणि विहिरीतले मासे घरोघर जातात. त्या दिवशी घरात मासा, शेजारी मासा, सगळीकडं मासा.

"सोमवार? मामा, सोमवार म्हणजे परवा!" मी म्हणाले.

"मंग? वरीसभर ठिवू का गाळ?"

आत्या भाकरी वाढत म्हणाल्या, "तिची चिलापी बाळतीन हाय न्हवं."

दिग्विजयला ठसका लागला. मोना हसली नाही. तिनं मला हळूच विचारलं, "करडीला पण कापणार?"

"मी तिला आधीच शेततळ्यात सोडीन."

"तिनं पोरं खाल्ली तरी?"

"खात नाही गं ती, मोना!"

रविवार उजाडला. मामा मोटारसायकलवरून निमगाव केतकीला निघाले. यारीवाला रामहरी तिथं कुणाच्या तरी विहिरीवर होता आणि फोन उचलत नव्हता. दिग्विजयला जादा पाळी होती. ऊन विहिरीत उतरायची वेळ झाली तशी मी कॅमेरा घेतला, आणि मोना दारातच आडवी झाली.

"मी पण येणार."

"नको."

"मला बघायचंय."

"नको म्हटलं ना."

आत्या मध्ये पडल्या. "आगं, शेवटचा दिस हाय. हिच्यासाठीच चाललंय ना समदं? मंग हिलाच घरी ठिवून कुणाला दावतीस? मी येती संगट."

खरं होतं. पण मी मोनाला तशीच नेणार नव्हते. तिच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा दोरीनं गच्च बांधला, आमच्याकडं पोरं पोहायला शिकताना बांधतात तसा. आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"पाण्यात सोडतीयास?"

"नाही. वरच्या पायरीवर बसवणार."

"पायरीवर बसायला डबा?" आत्या इतक्या हसल्या की पदर तोंडात धरावा लागला. "मंग माझ्या बी पाठीला बांद योक!"

आम्ही उतरलो. मोनाला माझ्या वरच्या तिसऱ्या पायरीवर बसवलं, तिच्या मागं आत्या. कट्ट्यावरच्या मोटरीकडं मी नीट बघून घेतलं. वायर सगळी वर होती, पाण्यात काहीच नव्हतं. हे मी रोज बघते. मग कॅमेरा स्टँडवर लावून चालू केला, गॉगल चढवला आणि तोंड पाण्यात घातलं.

करडी तिथंच होती. पिल्लांचा धुरळा तिच्या कपाळाभोवती खालीवर होत होता. ऊन पायरीवर पसरत आलं आणि एकेक पिल्लू काचेसारखं आरपार दिसायला लागलं. त्यांच्या पोटातला पिवळा ठिपकासुद्धा! मला मोनाला हाक मारून सांगायचं होतं, पण मी दगड होते. श्वासापुरतं तोंड वर काढायचं, परत आत. आज वर बघायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं, आत्या आहेत ना मागं. तरी कान मागंच होते. पैंजण वाजले, मग थोडे जवळ वाजले, मग थांबले. तरी मी हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

आणि विहीर गरजली.

मोटर! एकदम, कानाशी ट्रॅक्टर चालू व्हावा तशी. दगड थरथरले, आवाज चहूकडून आदळला, कबुतरं फडफडत वर गेली. मी पाण्यातून डोकं काढलं तर मोना माझ्या अगदी शेजारी, गुपचूप सरकत येऊन शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी. दचकून तिचा पाय शेवाळावरून सुटला होता. कॅमेरा, मासा, सगळं गेलं खड्ड्यात. मी झडप घातली, तिच्या डब्याची दोरी हातात आली, दंड आला, आणि मी तिला अशी ओढून काखेत घेतली की दोघी पायरीवर आपटलो.

"मेला कुणी लावली मोटर?" आत्या वरून ओरडत होत्या. "हात मोडला त्याचा!"

मोना भिजली होती फक्त गुडघ्यापर्यंत. तिला रडू नव्हतं, मलाच होतं. गाळाचा ढग खालून वर आला आणि पाणी चहासारखं झालं. आत्यांनी वर जाऊन पेटीतल्या बटणानं मोटर बंद केली. मी ढगात हात घालून चाचपडत कॅमेरा काढला. त्याचा लाल दिवा अजून लुकलुकत होता.

घरी येतो तोवर मामांची मोटारसायकल अंगणात. ते खुशीत होते. "रेश्मा, फोन उचलीनास व्हय? किती रिंगा दिल्या. रामहरीला खडक लागलाय तितं, उद्या काय येत न्हाय तो. मंगळवारी येतो म्हनला. तुला योक दिस जास्त मिळाला!"

"मामा, तुम्ही फोन कुणाला लावला?"

"तुला. बघ की." त्यांनी फोन पुढं केला. माझ्या नावावर माझा फोटो नव्हता. विहिरीचा होता. मोटरीच्या नंबरवरही विहिरीचाच, दोन्ही एकाखाली एक.

मोना आत्यांच्या मागं गेली. "मीच बदलला. आई तिथंच असते सारखी."

मामा फोनकडं बघत राहिले, मग टोपी काढून त्यांनी मांडीवर आपटली. "म्हंजे मी तुला आनंदाची बातमी द्यायला मोटरीला फोन करत व्हतो!"

"आन मोटरीनं उचलला!" आत्या म्हणाल्या. आधी त्यांनाच हसू फुटलं, मग मला.

संध्याकाळी दिग्विजय आल्याबरोबर त्यानं कॅमेरा टीव्हीला जोडला. मी म्हणत होते, काही नसेल, गाळच असेल. सगळे सतरंजीवर बसलो. पडद्यावर हिरवं सोनेरी पाणी, मध्ये करडी, भोवती तिची पिल्लं. टीव्हीवर आमची विहीर इतकी सुंदर दिसेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"आयला," दिग्विजय म्हणाला. "ही आपली विहीर?"

मग पाणी थरथरलं. मोटर लागली त्या क्षणी करडी मागं सरकली, डोकं खाली केलं, आणि तोंड उघडलं. पिल्लं धावत सुटली. अगदी धावतच, कारखान्याचा भोंगा झाल्यावर गेटकडं माणसं सुटतात तशी, एकमेकांवरून, सगळी त्या तोंडाकडं.

"गेली, गेली, गेली!" मामा उठून उभे राहिले. "आगं त्ये योक राहिलं! त्ये बघ, डावीकडं!"

एक पिल्लू खरंच बाहेर गोल गोल फिरत होतं.

"आत जा की मुडद्या!" आत्या टीव्हीकडं हात करून ओरडल्या.

"हिकडं, हिकडं वळ!" दिग्विजय.

करडी मिटलेल्या तोंडानं निघाली होती. ती थांबली. वळली. तोंड किंचित उघडलं आणि ते एकटं पिल्लू ओढल्यासारखं आत गेलं. मामांनी अशी टाळी वाजवली, जशी ते क्रिकेटमध्ये शेवटच्या चेंडूला वाजवतात. दिग्विजयनं मला खांद्याला धरून हलवलं. "रेश्मा! तू हे केलंस? हे तू केलंस!" मिळालं होतं! इतके दिवस पालथी पडून जे मागत होते, ते मिळालं होतं.

"परत लाव," मी म्हणाले. त्यानं परत लावलं.

दुसऱ्यांदा मला कोपरा दिसला. पडद्याच्या वरच्या कडेला, हलणाऱ्या पाण्याच्या पातळीवर, एक छोटं पाऊल पैंजणासकट आत येतं आणि वरून एक हात येऊन ते खेचून नेतो. करडी तोंड मिटते, बरोबर त्याच वेळेला.

आत्यांनाही ते दिसलं. "तिनं तोंडात घितली आन तू काखंत," त्या म्हणाल्या. आवाजात नेहमीची टोचणी नव्हती.

मी मोनाकडं वळले. "बघितलंस? म्हणाले नव्हते मी?"

मोना टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी होती. ती मागं न बघता म्हणाली, "खाल्ली की तिनं. सगळी. राहिलेलं एक पण."

मामांनी हळूच टोपी घातली. मला कळलं, ती खरं बोलतीये. पडद्यावर जे दिसत होतं ते तेवढंच होतं. तोंड उघडलं, पिल्लं आत गेली, तोंड मिटलं, मग गाळ. ताटलीत जे पडलं होतं, त्याच्याच आधीचा भाग. इतके दिवस दगड होऊन मी आत्यांच्याच बाजूचा पुरावा गोळा केला होता.

"सोडती ती नंतर," आत्याच म्हणाल्या. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. त्यांनी खांदे उडवले. "आता मागं फिरून त्या एकट्याला घ्यायला आली. खायची आसती तर येवढ्या जिवावर कशाला आली आसती? समोर मोटर वरडतीया."

पण मोनाला तर्क नको होता. ती वळून म्हणाली, "मला सोडताना दाखव."

यारी यायला एक दिवस होता. तो मामांनी चुकून मोटरीला सांगितला होता.

सोमवारी मोनाची बालवाडी बुडाली. मामांनी मोटरीच्या पेटीतले फ्यूज काढून खिशात घातले आणि फोन बंद करून आत्यांच्या कनवटीला दिला. ऊन उतरायच्या आधीच आम्ही चौघं पायऱ्यांवर बसलो होतो, देवळात आरतीची वाट बघत बसतात तसे. गाळ खाली बसला होता, पाणी परत काचेसारखं.

करडी जागेवर होती. हनुवटी फुगलेली, तोंड गच्च.

मी कॅमेरा लावला आणि तोंड आत घातलं. काही नाही. परत वर, परत आत. ऊन पायरीवर पसरलं. करडी कल्ले हलवत उभी. पाणी उन्हात असं चमकत होतं की वरून आत्यांना, मामांना, मोनाला माशाचं शेपूटसुद्धा दिसत नव्हतं. मी उठून बसले. इतका वेळ हे डोक्यात आलं नव्हतं. तोंड पाण्यात असल्याशिवाय हे दिसणारच नाही. आणि गॉगल एकच होता.

मोना डबा बांधून माझ्याकडं बघत होती. तिनं काही मागितलं नाही. तेच जड गेलं.

"ये," मी म्हणाले.

आत्या पुढं सरकल्या. "रेश्मा, बघ हां."

"धरलंय मी."

मी आधी पाण्याखालच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले, शेवाळ पायानं हळूहळू घासून काढलं, करडी थोडी सरकली पण गेली नाही, मग मोनाला उचलून समोर घेतलं. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. ती शहारली. गॉगलचा पट्टा आवळला, डब्याची दोरी मुठीला दोन वेढे देऊन धरली. "हळूच. हात मारायचा नाही. तू दगड आहेस."

"आई, दगड बुडतो."

"तू डबेवाला दगड आहेस."

तिनं तोंड पाण्यात घातलं. श्वासाला वर आली. "काय नाय." परत आत. वर. "उभीच हाय नुसती." परत आत. पाच वर्षांची पोर, जी जेवताना एका जागी बसत नाही, ती हात अंगाशी धरून तरंगत होती. पायातले पैंजण पाण्याखाली असल्यानं वाजत नव्हते. मला ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं, बघण्यासारखं फक्त उन्हाचा लखलखाट आणि तिच्या पाठीवरचा निळा डबा. माझा मासा माझ्या पायापासून हातभर होता आणि मला तो दिसत नव्हता.

वर मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मोना वर आली नाही. मी मनात श्वास मोजला, आता येईल. आता येईल. दोरीवर माझा हात आवळला. ओढू का? डबा किंचित हलला. ती जिवंत होती, बघत होती. मी हात सैल केला. किती अवघड ते, सांगता येणार नाही.

मग तिचं डोकं एकदम वर आलं, पाणी उडालं, आणि ती अशी किंचाळली की विहिरीनं तिला परत हाक मारली.

"सोडली! आई, फू केलं तिनं! फू! सगळी सगळी बाहेर!"

"खरंच?"

"एक तिच्या डोळ्यापाशी हाय! थांब!"

आणि मी काही विचारायच्या आत तिनं परत तोंड पाण्यात घातलं.

"काय म्हनली? काय म्हनली गं?" आत्या वरून विचारत होत्या, मामा अर्धे पाण्यात उतरले होते, चपलांसकट.

"थांबा," मी म्हणाले, "तिला बघू द्या," आणि दोरीचा दुसरा वेढा मुठीवरून सोडला.